समेट होतो, जखम तशीच राहते

लग्नाला सात-आठ वर्षं झालेल्या जोडप्यातलं कुणी ‘आमचं पटत नाही’ असं पहिल्यांदा मोठ्याने म्हणालं, की पनवेलसारख्या शहरात त्याच्यासमोर साधारण तीन दारं असतात. पहिलं नातेवाइकांचं. मामा, आत्या, लग्न जमवणारे काका अशी चार माणसं बसतात, चहा होतो, दोघांनाही थोडं थोडं सुनावलं जातं आणि ‘भांड्याला भांडं लागतंच’ या वाक्यावर बैठक उठते. दुसरं दार वकिलाचं किंवा पोलीस ठाण्याचं. तिसरं डॉक्टरांचं. तिथे झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं सतत जड असतं अशा तक्रारी सांगितल्या जातात. नवऱ्याचा किंवा बायकोचा उल्लेख त्यात सहसा नसतो. तपासण्या होतात, अहवाल ठीक येतात, गोळी मिळते.

या तिन्ही दारांचा आपापल्या जागी उपयोग आहे. पण एक प्रश्न तिन्हीकडे राहून जातो. या दोघांमध्ये नेमकं काय घडतं, कोणत्या क्षणी घडतं आणि ते पुन्हा पुन्हा तसंच का घडतं? नात्यावर लक्ष केंद्रित करणारे मानसोपचार या प्रश्नापासून सुरू होतात. जोडप्यासाठी असतील तर त्यांना कपल थेरपी म्हणतात, घरातले सगळे असतील तर फॅमिली थेरपी. मराठीत दोन्हींना सरसकट ‘समुपदेशन’ म्हटलं जातं आणि तिथेच मोठा घोटाळा होतो. कारण आपल्याकडे समुपदेशनाचा अर्थ अजूनही ‘समजूत काढणं’ असाच लावला जातो. समजूत काढणाऱ्याला निकाल हवा असतो, म्हणजे घर न मोडणं. उपचार करणाऱ्याचं लक्ष दोघांच्या मनात झालेल्या जखमेकडे असतं. कधी ती बरी होऊन घर टिकतं. कधी ती बरी होतानाच दोघं शांतपणे वेगळी होतात.

एक उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, पण कामोठ्यात किंवा खांदा कॉलनीत शेजारची वाटावीत अशी. तो फोर्टला नोकरीला. पनवेल ते सीएसएमटी हार्बरचा प्रवास सव्वा तासाच्या पुढे, त्यामुळे सकाळी सातला घराबाहेर आणि रात्री नऊला परत. ती खारघरच्या शाळेत शिक्षिका. तो आला की जेवतो आणि मोबाइल घेऊन बसतो. ती मुलाच्या फीबद्दल विचारते. तो ‘हं’ म्हणतो. ती पुन्हा विचारते. तिसऱ्या वेळी तिचा आवाज चढतो, ‘‘तुझं लक्ष तरी आहे का घरात?’’ तो उठून गॅलरीत जातो. ती मागोमाग जाते. तो म्हणतो, ‘‘तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही.’’ आतल्या खोलीत मुलगा टीव्हीचा आवाज वाढवतो.

बैठक बसली तर तिला सांगितलं जाईल की माणूस दमून येतो, जरा सबुरीनं घे. त्याला सांगितलं जाईल की बायकोशी दोन शब्द बोलत जा. दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत. ते आठवडाभर टिकतात. थेरपिस्टला मात्र या प्रसंगात एक चक्र दिसतं. ती जितकी मागे लागते तितका तो मागे सरतो आणि तो जितका मागे सरतो तितकी ती मागे लागते. दोघांनाही वाटतं की सुरुवात समोरच्याने केली. हे चक्र जगभरच्या जोडप्यांच्या अभ्यासात इतक्या वेळा आढळलं आहे, की त्याला ‘मागणी आणि माघार’ असं शास्त्रीय नाव आहे. उपचाराचं पहिलं काम म्हणजे दोघांना हे चक्र दिसू लागणं. भांडण तापलेलं असताना थेरपिस्ट थांबवतो आणि विचारतो, ‘‘तुम्ही आत्ता गप्प झालात. त्या क्षणी आत काय झालं?’’ प्रश्न साधा आहे, पण घरात तो कुणी विचारलेला नसतो.

अशाच एखाद्या बैठकीत फीच्या खालचं काहीतरी वर येतं. दोन वर्षांपूर्वी तिचा गर्भपात झाला होता. तिसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला. तिच्या मनात त्या दिवसाची एकच नोंद आहे, ‘तेव्हा मी एकटी होते.’ त्याच्या मनातली नोंद वेगळी आहे. तिच्यासमोर रडू येईल आणि तिला आणखी त्रास होईल म्हणून तो घराबाहेर पडला होता, लोकलमध्ये दाराशी तोंड बाहेर करून उभा होता. हे त्याने कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. त्यानंतरचं फीचं, मोबाइलचं, सासूच्या औषधांचं प्रत्येक भांडण त्या न बोललेल्या दिवसावरून जातं. नात्याच्या उपचारात हे वाक्य तिच्या समोर, तिच्याकडे बघून बोललं जातं आणि ती ते ऐकते. तेवढ्याने सगळं संपत नाही. पण दुखणं कुठे आहे ते दोघांना कळतं.

या पद्धतीमागचा विचार ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याकडून आला. लहान मुलाला जवळच्या माणसाची ओढ असते ती फक्त दुधासाठी नाही, सुरक्षिततेसाठी असते, असं त्यांनी मांडलं. 1980 च्या दशकात कॅनडामध्ये सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी जोडप्यांसाठी भावनाकेंद्री उपचारपद्धती विकसित केली आणि जॉन्सन यांनी बोल्बींचा हाच विचार मोठ्यांच्या नात्याला लावला. त्यांच्या मते बहुतेक भांडणांच्या तळाशी एकच प्रश्न असतो. मला गरज असेल तेव्हा तू असशील का?

हे सगळं हळवं, पुस्तकी वाटू शकतं. म्हणून शरीरावर झालेले दोन प्रयोग सांगायला हवेत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 42 विवाहित जोडप्यांना प्रत्येकी दोन वेळा, चोवीस-चोवीस तास रुग्णालयात ठेवलं. दोन्ही वेळी हातावर अगदी छोटे फोड उठवून जखमा केल्या. एका वेळी जोडप्याला एकमेकांना आधार देणारं बोलायला सांगितलं, दुसऱ्या वेळी वादाच्या विषयावर. वादानंतरच्या जखमा भरायला जास्त वेळ लागला. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात सातत्याने कडवटपणा होता, त्यांच्या जखमा कमी कडवट जोडप्यांच्या तुलनेत सुमारे 60 टक्के वेगानेच भरल्या. हा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा प्रयोग 2006 मधला, जेम्स कोन यांचा. 16 विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून पायाला हलका विजेचा झटका बसू शकतो अशी सूचना दिली. कुणाचा हात हातात नसताना मेंदूतली धोक्याची यंत्रणा जोरात चालू होई. अनोळखी माणसाने हात धरल्यावर ती थोडी शांत होई, नवऱ्याने धरल्यावर अधिक. आणि ज्यांचं सहजीवन अधिक समाधानी होतं त्यांच्यात हा फरक सर्वात ठळक होता. संख्या लहान आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण ‘मनाचं दुखणं मनात ठेवावं, शरीराशी त्याचा काय संबंध’ हा घराघरातला समज मात्र यापुढे टिकू नये.

मग उपचाराने खरंच फरक पडतो का? इथे जाहिरातबाजीपासून सावध राहिलेलं बरं. अमेरिकेत अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकब्सन यांनी गंभीर आणि दीर्घकाळच्या बेबनावात असलेल्या 134 जोडप्यांवर जास्तीत जास्त 26 बैठकांचे उपचार केले आणि पुढे पाच वर्षं त्यांचा मागोवा घेतला गेला. पाच वर्षांनंतर साधारण निम्म्या जोडप्यांत ठोस सुधारणा टिकून होती. सुमारे एक चतुर्थांश जोडपी विभक्त झाली होती. उरलेली होती तिथेच किंवा थोडी मागे. ज्यांच्याबाबत सगळ्यांनी हात टेकले होते त्यांतली निम्मी सावरणं ही लहान गोष्ट नाही. पण ‘दहा सेशनमध्ये संसार पूर्ववत’ अशी पाटी कुणी लावली असेल तर ती विज्ञानाच्या नावाने केलेली थाप समजावी.

नैराश्याबाबतचा निष्कर्षही असाच नेमका आहे. 2018 मध्ये कॉक्रेन संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला. नैराश्याची लक्षणं कमी करण्यात कपल थेरपी ही एकट्याने घेतलेल्या मानसोपचारापेक्षा सरस ठरल्याचं दिसलं नाही. नात्यातला ताण कमी करण्यात मात्र ती सरस होती. म्हणून ब्रिटनच्या आरोग्यसेवेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की नैराश्यामागे नात्यातल्या अडचणी असतील तर जोडीदारासह उपचार हा पर्याय द्यावा. सगळ्यांना नाही. ज्याचा आजार नात्याशी जोडलेला आहे त्याला. हे ओळखायला डॉक्टरला एक साधा प्रश्न विचारावा लागतो, ‘घरी कसं आहे?’ आणि उत्तर ऐकायला दहा मिनिटं द्यावी लागतात. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ती कुठून आणायची, हा प्रश्न गंभीर आहे.

हे सगळं परदेशी, आपल्या मातीत न रुजणारं, असंही म्हटलं जातं. हा आक्षेप इतिहास बघून घेतलेला नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागा अपुरी होती. तिथले प्रमुख डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांना त्यांच्या नातेवाइकांसह ठेवून घेतलं. नातेवाईक रुग्णाची काळजी घेत, डॉक्टर त्यांना आजार समजावून सांगत, इतर कुटुंबांशी त्यांची गाठ पडे आणि रुग्ण लवकर घरी जाई. कुटुंबाला उपचारात भागीदार करण्याची ही कल्पना पुढे वेल्लोर आणि बंगळुरूच्या संस्थांनी वाढवली. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांना एक विचित्र गोष्ट आढळली होती. स्किझोफ्रेनियाचे जे रुग्ण बरे होऊन आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतले, ते भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडले. पुढच्या अभ्यासांत कारण उलगडलं. घरातली सततची टीका, वैरभाव आणि अति-गुंतवणूक. 1980 च्या दशकात हाच अभ्यास चंडीगडमध्ये झाला तेव्हा तिथल्या कुटुंबांत टीका आणि अति-गुंतवणूक लंडनच्या मानाने कमी आढळली. भारतीय कुटुंबाची स्तुती करताना हा निष्कर्ष हमखास सांगितला जातो. पण तो चाळीस वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यावेळचं घर वन बीएचके नव्हतं.

महाराष्ट्रातलं सर्वात भक्कम उदाहरण पुण्याचं आहे. 1986 मध्ये डॉ. अनिता (सुनंदा) अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. गर्दच्या व्यसनाने तेव्हा तरुण मुलं कोसळत होती. केंद्रात दाखल झालेल्याला औषध, शिस्त, गटचर्चा हे सगळं होतंच. पण त्याच्या बायकोचं काय? तिने पाच-दहा वर्षं खोटं ऐकलेलं असतं, उसनवारी फेडलेली असते, मुलांना ‘बाबांना बरं नाही’ सांगितलेलं असतं. नवरा सुधारून घरी आला तरी तिचा त्याच्यावर विश्वास बसत नाही. तो दहा मिनिटं उशिरा आला की ती त्याच्या तोंडाचा वास घेते. त्याला अपमान वाटतो. ‘दारू सोडूनही हेच ऐकायचं असेल तर’ या वाक्यापासून पुन्हा बाटलीपर्यंतचं अंतर फार नसतं. मुक्तांगणने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला तो हे ओळखून. तिथे बाईला नवऱ्याला कसं सुधारायचं याचे धडे मिळतात असा समज होईल. खरं तर तिथे तिच्या स्वतःच्या रागाला, लाजेला आणि थकव्याला जागा मिळते, आणि तसंच भोगलेल्या दुसऱ्या बायका समोर असतात. ज्या घराची जखम नवऱ्याच्या यकृताइतकीच बायकोच्या मनात आहे, तिथे एकट्या नवऱ्यावर उपचार करून भागत नाही, हे या संस्थेने चार दशकांपूर्वी मराठी समाजाला दाखवलं.

व्यसनातल्या जोडप्यांसाठी परदेशात जी पद्धत तपासून सिद्ध झाली आहे, तिचा गाभाही घरगुती म्हणावा असा आहे. रोज ठरलेल्या वेळी दोघं समोरासमोर बसतात. तो म्हणतो, आजचा दिवस मी प्यायलो नाही, उद्याही पिणार नाही. ती त्याचे आभार मानते. काल काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होईल, यावर त्या वेळी बोलायचं नाही. पाच मिनिटांचा हा करार पहारा आणि पहाऱ्यातून होणारं भांडण, दोन्ही कमी करतो.

आता त्या घोटाळ्याकडे पुन्हा वळू, कारण इथे प्रश्न जिवाचा होऊ शकतो. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयावर पक्षकारांना समझोत्यासाठी साहाय्य करण्याची जबाबदारी टाकली आणि विवाहसंस्था जपण्याची गरज मानणाऱ्या व्यक्तींना न्यायाधीश म्हणून नेमण्याचा प्रयत्न व्हावा, असंही म्हटलं. उद्देश चांगला होता. अनेक समुपदेशक तिथे मनापासून काम करतात. परंतु ज्या व्यवस्थेच्या यशाचं मोजमाप ‘किती जोडपी पुन्हा नांदायला गेली’ हे असतं, तिथे बाईला परत पाठवणं हेच उत्तर ठरण्याचा धोका कायम राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या साधारण चारपैकी एका विवाहित स्त्रीने नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं आहे. म्हणजे ‘आमचं पटत नाही’ म्हणणाऱ्या चार घरांपैकी किमान एका घरात प्रश्न संवादाचा नसून भीतीचा असू शकतो.

भीती असलेल्या घरात दोघांना एकत्र बसवून उपचार करणं चुकीचं आहे. नवऱ्यासमोर ती खरं बोलली तर घरी त्याची किंमत मोजावी लागते. खोटं बोलली तर उपचारालाच अर्थ उरत नाही. शिवाय ‘तुमच्या दोघांमधलं चक्र’ ही भाषा इथे घातक ठरते, कारण मारहाण ही दोघांची नसते, मारणाऱ्याची असते. म्हणून प्रशिक्षित थेरपिस्ट पहिल्या एक-दोन भेटींत दोघांना स्वतंत्रपणे भेटतो आणि घरात कुणाची भीती वाटते का, हे स्पष्ट विचारतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांनीही समुपदेशनात हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही असं बजावलेलं आहे. ज्या समुपदेशकाने एकदाही बाईला एकटीने भेटून हा प्रश्न विचारला नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. अशा घरासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे, 112 आहे, आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेल्या आणि पुढे राज्यभर पसरलेल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षांचं काम आहे.

पनवेलला या विषयाची स्वतःची एक बाजू आहे. इथे नाती फक्त नवरा-बायकोत तुटत नाहीत. सिडकोच्या भूसंपादनापासून साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांपर्यंत आणि विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपर्यंत, या तालुक्यात जमिनीचा पैसा घरात आला आणि भावंडांच्या मधोमध बसला. हक्कसोडपत्रावर सही केली म्हणून एका बहिणीचं मन दुखावलेलं आहे, सही केली नाही म्हणून दुसरीचं माहेर बंद आहे. या दाव्यांच्या फायली न्यायालयात वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्यासोबत एक दुःखही चालतं. गाव गेलं, शेत गेलं, देवळाची जागा बदलली, आणि ज्याच्यासोबत त्याची आठवण काढायची तो भाऊ बोलत नाही. असं दुःख म्हातारपणी उच्च रक्तदाब, निद्रानाश, दारू होऊन डॉक्टरसमोर येतं. फॅमिली थेरपीत भावंडांना एकत्र बसवता येतं. हिस्सा ठरवणं तिचं काम नाही, ते दिवाणी न्यायालयाचं. वडील गेल्यावर कुणाला काय वाटलं, हे बोलायला मात्र दिवाणी न्यायालयात रकाना नसतो.

दुसरीकडे नवीन पनवेल, खारघर, कळंबोलीच्या इमारतींत साताऱ्याहून, जळगावहून, तळकोकणातून आलेली कुटुंबं राहतात. त्यांचे मामा-आत्या गावी आहेत. बैठक बसवायलाही माणसं नाहीत. जुन्या बैठकीत अनेक दोष होते, बाईचं ऐकून घेणं तिला फारसं जमलं नाही, पण रात्री अकराला दार वाजवता येईल असं एखादं घर तरी असे. आता तिथे मोबाइल आहे, आणि मोबाइलवर ‘रिलेशनशिप कोच’ आहेत.

इथे ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारणं हा उद्धटपणा नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर. समुपदेशकांसाठी 2021 च्या कायद्याने स्वतंत्र आयोगाची तरतूद झाली असली, तरी आज ‘कोच’ अशी पाटी लावायला कसलीही पात्रता लागत नाही. चांगल्या थेरपिस्टची खूण अशी, की तो दोघांपैकी कुणाचा वकील होत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत किती बैठका लागतील आणि कशावरून प्रगती मोजायची हे सांगतो, आणि घटस्फोट घ्या किंवा घेऊ नका असं कधीच सांगत नाही. पत्रिका मागत असेल तर उठून यावं.

तक्रार एकाचीच असते, दुसरा यायला तयार नसतो, हेही नेहमीचंच. विशेषतः पुरुष. ‘मी काय वेडा आहे?’ हे वाक्य शिक्षित घरांतही ऐकू येतं. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापील उत्तरं देण्याचं धाडस केलं, त्यापायी खटले सोसले. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. पत्रातून का होईना, लोक विचारत होते. शंभर वर्षांनी शयनगृहातला आणि स्वयंपाकघरातला अबोला अजून ‘झाकली मूठ’ म्हणूनच जपला जातो. दुसरा येत नसेल तर एकट्याने सुरुवात करता येते. चक्रातला एक जण आपली पावलं बदलू लागला की दुसऱ्याला जुनीच पावलं टाकत राहणं अवघड जातं. पूर्ण उपचार तो नाही, पण निम्मा रस्ता होतो.

शासनाकडून काय अपेक्षा करावी? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (2015-16) देशातल्या सुमारे 10.6 टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोक उपचाराबाहेर होते. एवढी तूट असताना जोडप्यांसाठी खास थेरपी मागणं चैनीचं वाटेल. पण ही मागणी पैशांपेक्षा वेळेची आहे. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चालते, मराठीतही बोलता येतं. तिथे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करणाऱ्यांना जोडप्याशी बोलण्याचं, हिंसा ओळखण्याचं आणि योग्य ठिकाणी पाठवण्याचं प्रशिक्षण देता येईल. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने दाखवून दिलं आहे, की पदवीधारक तज्ज्ञ नसलेली पण नीट शिकवलेली स्थानिक माणसं नैराश्यावर आणि दारूच्या समस्येवर परिणामकारक समुपदेशन करू शकतात. 2017 मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ या उपक्रमाने स्वयंसेवकांमार्फत असंच काम केलं. पनवेल महापालिका 2016 मध्ये स्थापन झाली. तिच्या आरोग्य केंद्रांत आठवड्यातून एक संध्याकाळ आणि रविवारची सकाळ नात्यांच्या समुपदेशनासाठी राखून ठेवली, तर नवी इमारत लागणार नाही.

वेळेचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण त्यावरच पुष्कळ काही अडतं. दुपारी बारा ते दोन चालणाऱ्या समुपदेशन कक्षात मुंबईला नोकरी करणारा नवरा येऊ शकत नाही. मग बायको एकटी येते, नवऱ्याची बाजू कुणी ऐकत नाही, आणि ‘तुम्ही मॅडम समजून घ्या’ या सल्ल्यावर केस बंद होते. रात्री साडेआठला पनवेल स्थानकात उतरणाऱ्या माणसाला पोहोचता येईल अशी वेळ ठेवली, तर तो येईलच असं नाही. पण न येण्याचं एक कारण कमी होईल.